दादरला खिसा चाचपणारा मालक: थ्रिलर आपल्याला कसा धरून ठेवतो

आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' १९६२ साली रंगभूमीवर आलं. कोर्टात एकेक साक्षीदार उभा राहतो, फिरता रंगमंच फिरतो आणि त्याला ज्याने फसवलं त्या माणसाचा तो अवतार आपल्यापुढे येतो. सगळे अवतार प्रभाकर पणशीकरांचेच. तेव्हा 'कोणी केलं?' हा प्रश्न नाटक सुरू झाल्यावर थोड्याच वेळात निकालात निघतो. आरोपी मात्र शांतपणे सांगत राहतो की तो मी नव्हेच, मी निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे. रहस्य म्हणावं असं काही शिल्लक नाही, आणि तरीही पिढ्यान् पिढ्या लोक हे नाटक खुर्चीच्या कडेवर बसून बघत आले.

कारण प्रेक्षकाला जे ठाऊक आहे ते न्यायाधीशांना ठाऊक नाही. हा इसम सुटणार की अडकणार, एवढ्या एका प्रश्नावर सगळा खेळ तोललेला आहे. थ्रिलरबद्दल आपला सर्वसाधारण समज असा, की लेखक काहीतरी लपवतो आणि आपण ते शोधत बसतो. मला हे अर्धंच खरं वाटतं. चांगला थ्रिलर लपवतो थोडं आणि सांगतो पुष्कळ. फक्त कोणाला, कधी आणि किती सांगायचं याचा हिशोब तो सराफासारखा काटेकोर ठेवतो.

विल्यम ब्रुअर आणि एडवर्ड लिक्टेनस्टाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८२ साली यावर एक सुटसुटीत मांडणी केली. गोष्टीत एक महत्त्वाची घटना असते आणि तिचा एक परिणाम असतो. घटना घडून गेली आहे हे आपल्याला कळलं, पण ती कशी घडली ते लपवलं, तर कुतूहल जागं होतं. खून झालाय, खुनी कोण? घटना मुळातच लपवली, इतकी की ती आहे याचा वाससुद्धा लागू दिला नाही, आणि नंतर अचानक समोर आणली, तर धक्का बसतो. घटना उघड सांगून टाकली, पण तिचा परिणाम लांबवत नेला, तर तयार होतो तो ताण, ज्याला आपण सगळे सस्पेन्स म्हणतो. म्हणजे सस्पेन्ससाठी आधी काहीतरी सांगावंच लागतं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, गिरगावातल्या वाचनालयांतून त्या हातोहात फिरल्या. त्यांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्या गोष्टींत पहिल्या प्रकारचं कुतूहल तर आहेच, पण पान उलटायला लावतो तो बहुतेक वेळा तिसरा प्रकार. नायक सापळ्याकडे चाललाय, आणि सापळा आपण पाहिलेला आहे.

आता एक प्रसंग रचून बघू.

लोअर परळला जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर एक ऑफिस. शुभदा तिथे अकाउंट्स बघते. रात्रीचे साडेआठ वाजलेत, मालक देशमुख घरी जायला निघून गेले आहेत. शुभदा त्यांच्या केबिनमध्ये बसून दोन नंबरच्या हिशोबाच्या फायली पेनड्राइव्हवर उतरवून घेतेय. स्क्रीनवरची हिरवी पट्टी हळूहळू सरकतेय. आणि अचानक दार उघडतं, दारात देशमुख. प्रेक्षक दचकतो. दोन सेकंदांचा धक्का, मग संवाद सुरू. प्रसंग वाईट नाही, पण दार उघडण्याआधीची तीन-चार मिनिटं प्रेक्षक नुसता बसून होता, कदाचित मोबाइल बघत होता.

तोच प्रसंग पुन्हा, दुसऱ्या तऱ्हेने. देशमुख लोअर परळहून स्लो पकडून दादरला उतरलेत, तिथून त्यांना बोरिवली फास्ट घ्यायचीय. प्लॅटफॉर्मवर उभे असताना त्यांचा हात सवयीने शर्टच्या खिशाकडे जातो. मग पँटच्या. मग बॅगेच्या बाहेरच्या कप्प्याकडे. इथे आपल्याला ऑफिस दिसतं: टेबलावर एका फाइलखाली अर्धा झाकलेला मोबाइल, शुभदाच्या कोपरापासून वीतभर अंतरावर. तिचं लक्ष स्क्रीनवर. ३८ टक्के. परत दादर. देशमुख चरफडत पुलाचा जिना चढतायत.

या क्षणापासून मुंबईतल्या प्रेक्षकाला काही सांगावं लागत नाही. चर्चगेट स्लो, मध्ये एक प्रभादेवी, मग लोअर परळ. गाडी लगेच मिळाली तर किती मिनिटं, पूल उतरून गिरणीच्या गेटापर्यंत चालायला किती, लिफ्टला किती, हा सगळा हिशोब प्रेक्षकाच्या डोक्यात आपोआप सुरू होतो. ज्या गावाचं घड्याळच लोकलवर चालतं तिथल्या लेखकाला ही एक फुकटची सोय आहे. ती इतकी कमी वापरली जाते याचं मला नवल वाटतं. आपल्या सिनेमात लोकल दिसते ती बहुतेक गर्दी दाखवायला, नाहीतर भेटीगाठी घडवायला.

थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याने हीच गोष्ट फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देऊन सांगितली होती. १९६२ साली झालेल्या त्या गप्पांचं पुढे पुस्तक झालं. चार माणसं टेबलाभोवती गप्पा मारतायत, एकाएकी स्फोट होतो: प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. पण बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिलं असेल आणि तो एक वाजता फुटणार हेही त्याला माहीत असेल, तर त्याच रटाळ गप्पा पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकल्या जातात. माणसं हवापाण्यावर बोलत असतात आणि प्रेक्षकाला ओरडून सांगावंसं वाटतं की उठा इथून. गप्पा त्याच, फरक फक्त प्रेक्षकाला दिलेल्या माहितीचा.

दोन ठिकाणचे प्रसंग आलटून पालटून दाखवायची युक्ती हिचकॉकच्याही आधीची. डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या १९०९ सालच्या 'द लोनली व्हिला' या काही मिनिटांच्या मूकपटात घरात चोर शिरतायत, बायको-मुली आतल्या खोलीत अडकल्यात आणि नवरा घराकडे धाव घेतोय, एवढंच आहे. सिनेमा बोलायला लागण्याच्या कितीतरी आधी त्याला धावाधाव जमली होती.

पेनड्राइव्हवर नेमकं काय उतरतंय, हे आपण अजून विचारलेलंही नाही. दोन नंबरचा हिशोब, एवढं पुरलं. हिचकॉक अशा वस्तूला मॅकगफिन म्हणायचा: पात्रांसाठी ती जिवापलीकडची, प्रेक्षकाला तिच्या तपशिलाशी फारसं देणंघेणं नाही. नवे लेखक इथेच वेळ घालवतात. फायलीत कुठल्या कंपनीचे किती कोटी, हे पात्रांच्या तोंडून वदवून घेताना तिकडे देशमुखांची गाडी प्रभादेवीला थांबून निघूनही जाते.

कोणाला किती ठाऊक

आता प्रसंग पुढे नेऊ. गाडीत देशमुख शेजारच्या माणसाकडून मोबाइल मागून घेतात आणि स्वतःच्या नंबरवर फोन लावतात. केबिनमधल्या काचेच्या टेबलावर फोन थरथरायला लागतो. शुभदा दचकून फाइल उचलते. मालकाचा फोन! इथे ती आणि आपण एका पातळीवर आलो. आतापर्यंत आपल्याला जास्त ठाऊक होतं, आपण तिच्यासाठी घाबरत होतो. आता तिच्याबरोबर घाबरतोय. ७१ टक्के. पट्टी सोडून पळायचं की थांबायचं, हा निर्णय आता तिचा आहे, आणि प्रसंगाचा जीव या निर्णयातच आहे.

एक पायरी आणखी चढता येते. शुभदा खालच्या वॉचमनला इंटरकॉमवर विचारते, "काका, साहेब आले तर जरा मला सांगाल?" वॉचमन "हो मॅडम" म्हणतो. फोन ठेवल्यावर तो दुसऱ्याच कोणाला तरी फोन लावतो, आणि तो काय बोलतो ते आपल्याला ऐकू येत नाही. आता आपल्यालाही कमी माहिती झाली. प्रेक्षकाला आधी पात्राच्या पुढे ठेवायचं, मग बरोबरीने, मग हलकेच मागे सोडायचं. एकाच पातळीवर दोन तास बसवलेला प्रेक्षक कंटाळतो, मग ती पातळी कोणतीही असो. सतत सगळं ठाऊक असलं तर तो मठ्ठ पात्रांवर वैतागतो, आणि सतत काहीच ठाऊक नसलं तर त्याला भीती तरी कशाची वाटावी?

अर्थशास्त्राची माणसं या प्रांतात येतील असं वाटत नाही, पण आली. जेफ्री एली, अलेक्झांडर फ्रँकेल आणि एमिर कामेनिका या तिघांनी २०१५ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांचा मुद्दा गणिती चिन्हं बाजूला ठेवून सांगायचा तर असा: पुढच्या क्षणी आपला अंदाज जितका जास्त हलण्याची शक्यता, तितका आत्ताचा ताण जास्त, आणि अंदाज प्रत्यक्षात जितका हलला, तितका धक्का मोठा. ताण पुढे बघतो, धक्का मागे बघतो.

हे कळायला वानखेडेवर जावं. २ एप्रिल २०११, विश्वचषकाची अंतिम लढत, श्रीलंकेच्या २७४ धावा. सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर गेला, सचिन १८ वर, भारत २ बाद ३१. त्या वेळी प्रत्येक चेंडू आपला अंदाज इकडून तिकडे फेकू शकत होता. मुंबईतल्या घराघरांत माणसांना जागा बदलू दिली जात नव्हती ती तेव्हा. धोनीचा तो शेवटचा षटकार पुन्हा पुन्हा दाखवतात, पण त्यात ताण नावालाही नव्हता. १० चेंडू बाकी असताना आपण जिंकलो, चार धावा हव्या होत्या आणि निकाल जवळपास ठरलेला होता. तो षटकार आनंदाचा होता. थ्रिलर लिहिणाऱ्याने आनंदाचा क्षण आणि ताणाचा क्षण यांत गल्लत करू नये. शेवटची मारामारी कितीही दणदणीत असली तरी नायक जिंकणार हे दिसत असेल तर तो षटकार आहे, २ बाद ३१ नव्हे.

म्हणून अनुभवी लेखक शेवटापेक्षा आधीच्या वाटा बंद करण्यावर मेहनत घेतो. शुभदाकडे सुरुवातीला चार वाटा होत्या: लिफ्ट, जिना, खोटं कारण, आणि काम अर्धवट टाकून पळणं. लिफ्ट तळमजल्यावरून वर यायला निघाली. जिन्याचं दार रात्री आठनंतर बाहेरून कडी लावून ठेवतात, हे आपण पहिल्या पाच मिनिटांत सफाईवाल्या मावशींच्या बोलण्यातून सहज ऐकलेलं आहे. खोटं कारण द्यावं तर तिने संध्याकाळीच देशमुखांना "डोकं दुखतंय, लवकर जाते" असं सांगितलंय. प्रत्येक वाट बंद होताना आवाज होतो, आणि प्रत्येक वाट का बंद झाली ते आपल्याला पटतं. कडीचा उल्लेख आधी आला नसता आणि ऐनवेळी दार बंद निघालं असतं, तर तो ताण लेखकाने वरून टाकलेला वाटला असता.

चोराचीच बाजू

शुभदा चांगली बाई आहे, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. ती मालकाचा भ्रष्टाचार उघड करायला निघालीय, की त्याला ब्लॅकमेल करायला? तरीही पट्टी शंभरावर जावी असं आपल्याला वाटतंय. हे मला या सगळ्या प्रकारातलं सर्वांत अस्वस्थ करणारं अंग वाटतं.

हिचकॉकच्या १९६० सालच्या 'सायको'मध्ये खुनाच्या खुणा पुसणारा माणूस प्रेत असलेली गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडायला लागते आणि मध्येच थांबते. काही क्षण ती तशीच अर्धी वर. आणि थिएटरात बसलेले, एरवी कायदा पाळणारे लोक मनात म्हणतात, बुड ना एकदाची! ज्या बाईच्या सोबतीने आपण सिनेमाचा पहिला भाग काढला, तिचंच प्रेत त्या गाडीत आहे. आपली सहानुभूती इतक्या लवकर कशी फिरली?

याचं एक उत्तर असं, की आपण माणसाच्या चारित्र्याआधी त्याच्या हातातल्या कामाला चिकटतो. कोणी काळजीपूर्वक, बारकाईने, घाम गाळत काही करत असेल आणि ते अर्ध्यावर असेल, तर ते पुरं व्हावं असं आपल्याला वाटायला लागतं. पट्टी ७१ वर आहे, ती १०० व्हायलाच हवी. मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी मात्र भर दिला तो पसंती-नापसंतीवर: जो आवडतो त्याचं भलं व्हावं ही आशा, त्याचं वाईट होईल ही भीती, आणि या दोहोंमध्ये ताण. दोन्ही खरं असावं. थोड्या वेळापुरतं काम पुरतं, पण अडीच तास ओढायचे असतील तर माणूस लागतो. शुभदाने दुपारी डब्यातली भाजी वॉचमनला दिलेली दाखवली, की पुढे तिच्या हातून काहीही घडलं तरी आपण तिला सहज सोडत नाही. हे स्वस्त आहे खरं, पण चालतं.

अंगात काय होतं

हृदयाचे ठोके वाढतात, तळवे घामेजतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याहून मजेशीर आहे ते लक्षाचं. जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्कॅनरमध्ये आडवं झालेल्या लोकांना थरारपटांतले प्रसंग दाखवले, आणि पडद्याच्या कडेने काळ्या-पांढऱ्या चौकटींची लुकलुकणारी नक्षी ठेवली. प्रसंगातला ताण वाढला की मेंदूचा जो भाग कडेची दृश्यं टिपतो तिथली हालचाल कमी व्हायची. ताण उतरला की नक्षी पुन्हा 'दिसायला' लागायची. म्हणजे 'आजूबाजूचं भान हरपलं' हे नुसतं बोलणं नाही, नजर खरोखर मधल्या चौकटीपुरती आवळली जाते. दिवाणखान्यात मालिका बघताना आईने तीनदा जेवायला हाक मारली तरी ऐकू न येणारा मुलगा अगदीच खोटं बोलत नसतो.

सुटकेचा आनंद एवढा मोठा का असतो, याचं उत्तरही झिलमन यांच्याकडे आहे. १९७१ साली त्यांनी मांडलं की शरीरातली उत्तेजना सावकाश ओसरते, विचार मात्र क्षणात पालटतो. देशमुख केबिनबाहेरूनच फोन घेऊन निघून गेले आणि शुभदा वाचली, हे कळायला एक सेकंद पुरतो. पण धडधडणारं काळीज तसंच धडधडत असतं. ती भीतीने साठवलेली धडधड आता आनंदाच्या खात्यावर जमा होते. जेवढी भीती जास्त, तेवढा सुस्कारा गोड.

आवाजाचं काम याच खात्यातलं. १९७५ सालच्या 'जॉज' या शार्क माशाच्या सिनेमात दोन सुरांची ती ठेक्यात जवळ येणारी धून ऐकू आली की मासा पडद्यावर नसतानाही पाण्यात पाय टाकवत नाही. तो यांत्रिक मासा चित्रीकरणात सारखा बंद पडायचा, म्हणून स्टीव्हन स्पीलबर्गला तो कमी दाखवावा लागला, आणि सिनेमाचं भलं झालं. आपल्याकडच्या दैनंदिन मालिकांनी आवाजाचा धडा घेतला, पण अर्धाच. एक वाक्य, मग तीन चेहरे, प्रत्येकावर तीनदा झूम आणि ढॅण्! कोणाला काही नवीन कळलेलं नसतं. वेळ लांबवला, पण त्या वेळात कुणाचाही अंदाज हलला नाही, तर तो ताण राहत नाही, नुसता उशीर होतो. देशमुखांना दादरच्या पुलावर दहा मिनिटं गर्दीत अडकवून ठेवलं तर प्रेक्षक कंटाळेल. त्याच पुलावर त्यांना ऑफिसातला एक शिपाई भेटला आणि म्हणाला, "साहेब, वर लाइट चालू होती," तर तेच अडकणं सोन्याचं होतं.

ठाऊक असूनही

आता एक कोडं. शेवट माहीत असलेला थ्रिलर आपण दुसऱ्यांदा का बघतो, आणि दुसऱ्यांदाही छाती का धडधडते? अनिश्चितता हाच ताणाचा पाया असेल तर ते व्हायला नको. राजा परांजपेंचा 'पाठलाग' १९६४ साली आला, दोनच वर्षांनी राज खोसलांनी त्यावरून हिंदीत 'मेरा साया' केला. मराठी सिनेमा पाहिलेल्यांना उत्तर ठाऊकच होतं, पण म्हणून हिंदी बघताना त्यांना मजा आली नसेल असं मला वाटत नाही.

तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यावर अनेक वर्षं भांडत आहेत. नोएल कॅरोल म्हणतो, खरोखर अनिश्चित असण्याची गरज नाही, अनिश्चित असल्याची कल्पना मनात धरली तरी पुरे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड गेरिग म्हणतो, आपलं मन प्रत्येक वेळी गोष्टीत शिरताना ती घटना पहिल्यांदाच घडतेय असं वागतं. ॲरन स्मट्सचं म्हणणं आणखी वेगळं: ताणाचं मूळ अनिश्चिततेत नाहीच, हतबलतेत आहे. आपल्याला काही करावंसं वाटतं आणि करता येत नाही. मला हे शेवटचं सगळ्यांत पटतं. शुभदाच्या कोपराजवळ फोन आहे हे दहाव्यांदा बघतानाही मी तिला सांगू शकत नाही. जत्रेतल्या तंबूच्या थिएटरात लोक पडद्याकडे बघून "मागे बघ, मागे!" असं ओरडायचे, ते काही अडाणी नव्हते. स्मट्सचा सिद्धांत ते करून दाखवत होते.

शेवट आधी फोडल्याने गोष्ट बिघडते का, याचा प्रयोगही झालाय, आणि निकाल चक्रावणारे आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या दोघांनी २०११ साली बारा लघुकथा लोकांना वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट ठाऊक असलेल्यांना बहुतेक गोष्टी जास्तच आवडल्या. २०१५ साली दुसऱ्या दोघांनी केलेल्या प्रयोगात मात्र नेमकं उलट दिसलं. माझ्या मते भांडण बरंचसं गोष्टीच्या जातीवर आहे. लंडनमध्ये १९५२ पासून चालू असलेल्या 'द माउसट्रॅप' या नाटकाच्या शेवटी, खुनी कोण ते बाहेर कोणाला सांगू नका, अशी प्रेक्षकांना विनंती करतात. ते रास्त आहे, कारण तिथे सगळी मदार कुतूहलावर आहे. ताणावर चालणाऱ्या गोष्टीला शेवट फुटल्याने ओरखडा पडतो, खिंडार पडत नाही.

मालिकेचा भाग ऐन रंगात तोडण्यामागे बऱ्याचदा ब्लूमा झायगार्निक या संशोधिकेचा १९२७ सालचा प्रयोग सांगितला जातो: अर्धवट राहिलेली कामं जास्त लक्षात राहतात. लक्षात राहण्याचा तो भाग पुढच्या प्रयोगांत नीटसा टिकला नाही. मध्येच तोडलेल्या कामाकडे माणूस परत वळतो, हे मात्र बऱ्यापैकी टिकलंय. रात्री दीड वाजता 'पुढचा भाग ५ सेकंदांत' अशी पाटी येते तेव्हा वेबमालिकावाल्यांना एवढंच पुरतं.

हिशोब चुकता करताना

मोबाइलने थ्रिलरची एक मोठी सोय काढून घेतली. पूर्वी निरोप पोचत नसे, म्हणून माणसं सापळ्यात चालत जायची. आता एक मेसेज पुरतो. मग लेखक बॅटरी संपवतो, रेंज घालवतो. एकदा ठीक, तिसऱ्यांदा हसू येतं. देशमुखांचा फोन टेबलावर विसरला तो म्हणूनच. मोबाइल गोष्टीतून हाकलण्यापेक्षा त्यालाच धोका करून टाकलेला बरा.

कलाटण्यांचा सोस हे दुसरं दुखणं. दर भागाच्या शेवटी कोणीतरी वेगळंच निघतं, मेलेला जिवंत होतो, मैत्रीण शत्रूची हस्तक. पहिल्या दोन वेळा मजा येते. नंतर आपण कोणत्याही माहितीवर विश्वास ठेवेनासे होतो, आणि ज्या माहितीवर विश्वास नाही तिच्यावर भीती उभी राहत नाही. देशमुख खरोखर दादरला आहेत की नाहीत, असा संशय एकदा आला, की प्रभादेवी आणि लोअर परळ ही नुसती स्टेशनं उरतात.

शेवटी उरतो प्रश्न की साठवलेल्या ताणाचं करायचं काय. हिचकॉकच्या १९३६ सालच्या 'सॅबोटाज'मध्ये एका लहान मुलाच्या हातात पुडकं दिलेलं असतं. त्यात बॉम्ब आहे हे त्याला ठाऊक नाही, आपल्याला आहे. मुलगा वाटेत रेंगाळतो, बसमध्ये चढतो, शेजारच्या बाईच्या कुत्र्याच्या पिल्लाशी खेळतो. आणि बॉम्ब फुटतो, मुलगा जातो. प्रेक्षक भयंकर चिडले. हिचकॉकने पुढे अनेकदा कबूल केलं की ती चूक होती. इतका वेळ घाबरवल्यावर प्रेक्षकाची सुटका करायला हवी होती. मला यात त्याच्याशी पूर्ण सहमत होता येत नाही. त्या मुलाचा मृत्यू झाला म्हणूनच त्याच्या बहिणीने पुढे जे केलं ते आपण समजून घेतो, आणि सिनेमाचा उत्तरार्ध त्यावरच उभा आहे. पण ज्या प्रसंगात पकडलं जाण्यातून पुढे काहीच उगवणार नाही, तिथे त्याचं ऐकावं. शुभदाच्या प्रसंगाला अजून उत्तरार्ध नाही, तेव्हा तूर्त देशमुखांना फोन घेऊन परतीची बोरिवली पकडू द्यावी.